जनरलच्या छातीवरची मेडलं

आमच्या विजय नगरच्या गणपतीत मी दरवर्षी नकला करतो. यंदा एका परदेशी जनरलची नक्कल बसवली. बंदुकीच्या जोरावर गादीवर बसलेला हा बाबा रोज टीव्हीवर येऊन युद्धाचं ज्ञान वाटून राहिला. "युद्धानं देश तरुण होतो," म्हणतो, आणि स्वतः केस काळे करून बसतो. "नेत्यानं मागे पाहू नये," म्हणतो. मागे पाहणार तरी काय? सगळी फौज पुढे पाठवून हाच सगळ्यात मागे उभा!

पण मंडळाचे अध्यक्ष अडून बसले. "वर्दीची टिंगल नको, भैया. अर्धी कॉलनी फौजेतली आहे. काकांनी हो म्हटलं तरच."

काका म्हणजे आमच्या शेजारचे रिटायर सुभेदार. सीमेवर लढलेले, पण हसण्यात एकदम कंजूष. त्यांच्या व्हरांड्यात मी छाती फुगवून अख्खं भाषण केलं. शेवटी टेबलावर मूठ आपटली, "सत्ता मला नकोच होती, पण देश ऐकूनच नाही राहिला!"

काका हसले नाहीत, नुसते माझ्या छातीवरची मेडलं मोजत बसले. मला वाटलं, गेला आपला आयटम.

"मेडल इतकेच काहून?" त्यांनी विचारलं.

"तीन लावले ना, काका."

"तीन तर लढणाऱ्याला भेटतात. हा स्वतःच स्वतःला देते. पोटापर्यंत लाव." मग घरात तोंड करून ओरडले, "अगं, तुझा बटणांचा डबा आण. या नालायक जनरलला सजवू!"