कौसाबाईंच्या पदराचं टोक

कौसाबाईंच्या लुगड्याच्या पदराचं एक टोक कायम ओलं आणि चुरगळलेलं असे. यवतमाळच्या ज्या शिशुगृहातून आम्ही मुलगी दत्तक घेतली, तिथे त्या आया होत्या. बाळाला कुणा एकीची सवय लागू नये असा तिथला नियम. बाटली उशीला टेकवून बाकीच्या आया पुढच्या पाळण्याकडे वळत. कौसाबाई मात्र थांबत आणि पदराचं टोक बाळाच्या हातात देत. "दूध बाटलीतलं असलं तरी लेकराची मूठ रिकामी नोको," म्हणत. ती कापसाची वाईट वर्षं होती. "कापूस बुडला का आमच्या इथचे पाळणे भरते," हेही त्या आवाज न चढवता सांगत.

मुलगी दीड वर्षाची होती. मी तिचं नाव मृण्मयी ठेवलं, कौसाबाईंची ती चिंगीच. उमरखेडला घरी आणल्यावर गल्लीभर कौतुक झालं, पोर किती गुणी, रडत नाही, कुणाकडेही जाते. ती भाजीवाल्याकडे जशी हसत जायची तशीच माझ्याकडे यायची. मी घरात असले काय, नसले काय, तिला सारखंच. ती रडली होती फक्त एकदा, शिशुगृहातून निघताना, कौसाबाईंच्या हातातून सुटताना. ते रडणं माझ्या डोक्यातून जाईना. माझ्यासाठी तिनं तसं रडावं, एवढंच मला हवं होतं.

तिच्या पिशवीत कौसाबाईंनी जुन्या लुगड्याचा तुकडा घातला होता. तो नाकाशी धरूनच ती झोपायची. मी शेजारी जागी, आणि ती दुसरीच्या वासाला चिकटलेली. एके दिवशी मी तो तुकडा सोड्यात उकळला आणि उन्हात वाळवला. तिनं हुंगला आणि टाकून दिला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर तिनं खाणं सोडलं. शेवटी यांनी शिशुगृहात फोन केला आणि कौसाबाई एसटीनं आल्या. मुलगी त्यांना अशी बिलगली की माझा नुसता जळफळाट झाला.

तुकडा हातात घेऊन त्यांनी विचारलं, "काहून धुतला, बाई?"

"मळला होता."

"तिले एकाचा लळा लागला हे बरं हाये. ज्याले कोणाचाच लागला नाही, त्याले पुढं लय जड जाते. माह्यापासून तोडू नोका तिले. तुमच्याकडं वळवा."

मग त्यांनी मुलीला माझ्या मांडीवर दिलं, माझ्या पदराचं टोक तिच्या मुठीत ठेवलं आणि बाटली मला धरायला लावली. दूध पिताना मुलगी बघत होती त्यांच्याकडेच.

पुढे वर्षभर त्या सुटीच्या दिवशी येत राहिल्या. मी चहा करायची आणि मनात त्यांच्या परतीच्या बसची वाट बघायची.

पोळ्याच्या दिवशी एक बैल उधळून गल्लीत शिरला. मुलगी अंगणात होती. कौसाबाई जवळच होत्या, मी मागे दारात. त्या खाली बसल्या, हात पसरले, "ये चिंगे." पोर त्यांना ओलांडून पळत पुढे आली आणि माझ्या पदरात तोंड खुपसून मोठ्यानं रडू लागली. कौसाबाईंचे हात तसेच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लगेच ओळखलं. वर्षभर ते माझ्याच चेहऱ्यावर होतं.

चहा न घेताच त्या उठल्या. "आता मी येत नाही, बाई."

"या ना अधूनमधून." हे मी पहिल्यांदाच मनापासून म्हटलं.

"नाही. मले पाहवणार नाही."

आम्ही त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. बसमध्ये चढताना त्यांनी पदर सावरला. त्याचं टोक कोरडं होतं. माझं ओलं होतं.