लामिदीचा धूर

आमच्या इकिरुन गावात लामिदीच्या फोटो स्टुडिओला लागूनच माझं शिवणाचं दुकान. त्यामुळे त्याची भांडणं मला बसल्या जागी ऐकायला मिळत. भांडणाचं कारण बहुतेक एकच असे. गिऱ्हाईक हौसेनं नव्या पत्र्याच्या घरासमोर सायकलीला टेकून उभं राही, आणि फोटो हातात आला की चेहरा तेवढा लख्ख, मागे सगळं धूसर.

"लामिदी, माझं घर कुठंय?"

"आहे की मागे."

"हा धूर आहे! माझ्या बायकोनं चूल पेटवली होती काय मागे?"

"फोटोत तोंड बघायचं असतं. घर बघायचंय तर लोकांना घरी बोलवा, जेवायला घाला."

लामिदी कॅमेऱ्याचा डोळा नेहमी सताड उघडा ठेवी. तसं केलं की समोरचं तेवढं स्पष्ट येतं आणि मागचं विरघळतं. मागच्या गोष्टी माणसाचा चेहरा खातात असं त्याचं ठाम मत होतं. आता आमच्या गावात नुसता चेहरा कोण बघतो? घर कुणाचं, कापड कुठलं, रेडिओ केवढा, हे आधी बघतात. त्यामुळे निम्मं गाव बसथांब्याजवळच्या दुसऱ्या फोटोवाल्याकडे गेलं. त्याच्याकडे पडद्यावर विमान रंगवलेलं होतं. लामिदीला त्याचं काही नव्हतं. असा हेकट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एका कामाला मात्र त्याला नावं ठेवणारेसुद्धा मुकाट्यानं त्याच्याकडे येत. आमच्यात जुळी फार होतात, आणि त्यातलं एक लवकर जाणं हेही घरोघर घडतं. मागे राहिलेल्याला एकटं पडू द्यायचं नसतं. त्याला जे शिवाल, जे वाढाल, ते गेलेल्यालाही द्यायचं. नाहीतर गेलेलं रुसतं आणि मागे राहिलेल्याला बोलावून घेतं. आजीच्या काळात गेलेल्याची लाकडी बाहुली कोरून घेत. आता फोटो काढतात. भिंगाचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्यानं झाकून पोराला एका बाजूला बसवायचं, मग दुसरा अर्धा झाकून त्यालाच दुसऱ्या बाजूला. एकाच कागदावर दोन भावंडं शेजारी शेजारी. इतरांच्या फोटोत मधोमध सांधा दिसे. लामिदीच्या धुरात तो विरून जाई.

सुरणाचं पीठ विकणारी अबेके त्यासाठीच आली. सगळे तिला ईया इबेजी म्हणत, म्हणजे जुळ्यांची आई. तिची तायवो कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत गेली होती. तेव्हापासून दुसरी, केहिंदे, अधूनमधून तापानं फणफणे, आणि जुळ्यांचं लाडकं अन्न म्हणजे चवळी, तिलासुद्धा पोर शिवेनाशी झाली होती. तायवो तिला बोलावतेय याबद्दल अबेकेच्या मनात शंका नव्हती.

"आमच्या दारातच काढ. तायवोला घरी आण," ती म्हणाली. लामिदी कॅमेऱ्याची तिवई खांद्यावर टाकून गेला. पोरीचा झगा मीच शिवला होता, गळा नीट बसवायला मीही गेलो.

फोटो तयार झाला तो त्यानं आधी मला दाखवला. "तू शिंपी ना? शोध शिवण!" मला सापडली नाही. लामिदी खूश होऊन अबेकेकडे निघाला, मागोमाग मी.

अबेकेनं फोटो उजेडात धरला.

"दार कुठंय?"

"मागे आहे, जरा मऊ झालंय."

"आणि या बसल्यात कुठे?"

"तुमच्याच ओट्यावर, ईया इबेजी."

"मला ओटा दिसत नाही." तिचा आवाज चढला. "डोळे मिटले की मला रोज हेच दिसतं. तायवो अशीच कुठेतरी बसलीय, जिथे काहीच नाही. मी तुला म्हटलं होतं, तिला घरी आण. तू माझ्या केहिंदेलाच तिकडे नेऊन बसवलंस!"

सगळ्या गावाला तोंड देणाऱ्या लामिदीनं फोटो हळूच परत घेतला. "हे माझ्या ध्यानात आलं नाही, ईया इबेजी. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं कॅमेऱ्याचा डोळा अगदी बारीक केला. जन्मात पहिल्यांदाच, माझ्या माहितीप्रमाणे. उजेड कमी जाणार म्हणून पोरीला खूप वेळ न हलता बसायचं होतं. एक बाजू झाली. दुसऱ्या बाजूला बसताना तिनं विचारलं, "आता मी तायवो ना?"

लामिदीनं पुठ्ठा भिंगाच्या दुसऱ्या अर्ध्यावर धरला.

"हो," अबेके म्हणाली. "हलू नकोस, तायवो."

या फोटोत सगळं आलं. दाराच्या फळ्या, भिंतीची उडालेली माती, टेकून ठेवलेलं मुसळ. आणि दोघींच्या मधून वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ.

"रेघ आलीय," लामिदी खाली बघत म्हणाला. "डोळा बारीक केला की ती लपत नाही."

अबेकेनं रेघेवरून बोट फिरवलं. "असू दे. मला काय माहीत नाही का, ती रेघ आहे म्हणून?"

तिनं फोटो भिंतीला टेकवून ठेवला, दोन वाडग्यांत चवळी वाढली. एक केहिंदेपुढे, एक फोटोपुढे. केहिंदे फोटोकडे बघत दोन घास खाऊन थांबली. मग आणखी दोन. वाडगा रिकामा झाला तशी तिनं फोटोपुढचा आपल्याकडे ओढला.

"अगं, तो तायवोचा आहे!" मी म्हणालो.

"ती म्हणते, तिचं पोट भरलंय."

मला तिथे बसवेना. लामिदी तर केव्हाच तिवई आवरायला बाहेर गेला होता. अबेकेनं नेसूच्या कापडाच्या टोकानं तोंड पुसलं.

"मग खा तू," ती म्हणाली. "तिनं दिलंय ना, मग खा."