आक्काच्या साडीला डबल नव्हतं

"काकू, आक्काची हिरवी साडी काढा. अर्ध्या तासात सुलभाताई मेकअपमधून बाहेर येतील."

असिस्टंट मुलीनं दारातून सांगितलं आणि ती गेली. मी ट्रंक उघडली. आक्काच्या सगळ्या साड्या एका ट्रंकेत असतात. अंजिरी होती, काळी चंद्रकळा होती, सणाची जांभळी होती. हिरवी नव्हती. धुवायच्या पिशवीत पाहिलं, इस्त्रीच्या टेबलाखाली पाहिलं, शेवटी थोरल्या सुनेच्या ट्रंकेत सुद्धा हात घातला. नव्हती.

मी मालिकांमध्ये कपडेपट सांभाळते. सेटवर त्याला ड्रेस डिपार्टमेंट म्हणतात, पण आमच्या डिपार्टमेंटमध्ये मी, एक मशीन, एक इस्त्री आणि पुष्कळशा सेफ्टी पिना एवढंच आहे. हे काम मला कुणी शिकवलं नाही. बिबवेवाडीत घरी बसून फॉल-पिको करायचे, लग्नांत नवऱ्यामुलींना नऊवारी नेसवायचे. शेजारणीचा भाऊ नाटकात होता, त्यांची नेसवणारी बाई आजारी पडली म्हणून एका प्रयोगाला गेले, ती आजतागायत परत आले नाही.

ही मालिका खेड्यातल्या एका शेतकरी घराची होती. सासू आक्का, दोन सुना, आणि त्यांचं रोजचं रुसणं-हसणं. घर वाघोलीच्या पुढे एका शेडमध्ये उभं केलं होतं. ओसरी, चूल, माजघर, झोपाळा, सगळं प्लायवूडचं. पण तीन वर्षं रोज तिथं डबा खाल्ला, दुपारी झोपाळ्यावर पाठ टेकली, की प्लायवूड प्लायवूड राहत नाही. धाकटी सून झालेली मुलगी तर दिवाळीला त्या खोट्या तुळशीपुढे खरी पणती लावायची.

आता ती हिरवी साडी. गर्द हिरवं सुती नऊवारी, तांबडे काठ. दुकानातून आणलं तेव्हा कडक, पापडासारखं. आक्काच्या अंगावर ते वीस वर्षं वापरलेलं दिसायला हवं होतं. मग आम्ही कपडा जुना करतो. धुण्याचा सोडा घालून भिजवायचं, दगडावर घासायचं, उन्हात वाळवायचं, पुन्हा भिजवायचं. शेवटी चहाच्या पाण्यातून काढायचं. त्या साडीला मी माझ्या मोरीत आठवडाभर छळलं आणि म्हातारी केली. पहिल्याच दिवशी शूटिंगमध्ये सुलभाताईंनी हळदीचा हात पदराला पुसला. स्क्रिप्टमध्ये नव्हतं ते, त्यांची सवय. डाग पडला आणि तो डाग सगळ्यांना इतका आवडला की पुढची तीन वर्षं मी तो जपला. धुतल्यावर फिकट झाला की परत हळदीचं बोट लावायचं.

एरवी महत्त्वाच्या कपड्याचं आम्ही डबल ठेवतो, म्हणजे तसाच दुसरा. या साडीचं डबल करायचा प्रयत्न मी दोनदा केला. दोन्ही वेळा कपडा मऊ झाला, पण रंग वेगळाच उतरला. म्हटलं, जाऊ दे, हिला मीच डोळ्यात तेल घालून जपेन.

मी सुलभाताईंच्या खोलीत गेले. आक्काचं काम त्या करायच्या. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे गेलेले, पण कॅमेरा सुरू झाला की ताठ. आरशासमोर बसून त्या टिकली लावत होत्या.

"ताई, हिरवी साडी तुमच्याकडे राहिली का हो?"

"ती ना? ती मी दिली."

"कुणाला?"

"हिराबाईला. तिच्या नातीच्या दुपट्याला मागितली तिनं. मी म्हटलं, घे." मग माझं तोंड बघून म्हणाल्या, "का गं? डबल आहे ना?"

"हिचंच तेवढं नाही, ताई."

झालं होतं असं. मालिका बंद होणार हे चॅनलनं अचानक कळवलं. बाहेरचे सीन आधी उरकायचे म्हणून युनिट दोन दिवसांपूर्वी जवळच्या खेड्यात गेलं होतं. आक्काच्या घराची बाहेरची बाजू म्हणून आम्ही तिथलं एक खरं घर दाखवायचो. हिराबाई त्या घराच्या मालकीणबाई. त्या दिवशी मी गेले नव्हते, शनिवार पेठेत टेलरकडे सुनांचे ब्लाऊज आणायला गेले होते, आणि परत आलेले कपडे मोजायचे राहिले. तिथं शॉट झाला तो असा, की आक्का शेतातून येते, पायऱ्या चढते, उंबऱ्यात पाऊल टाकते. पॅकअप झालं, हिराबाईनं ताईंची ओटी भरली आणि साडी मागितली.

त्या बाईचंही बरोबर होतं. बाळाचं दुपटं नव्या कापडाचं करत नाहीत. नवं कापड टोचतं. सुखासमाधानानं घर चालवलेल्या म्हाताऱ्या बाईचं अंगावर विरलेलं लुगडं घेतात, म्हणजे तिचं आयुष्य आणि गुण बाळाला लागतात. तीन वर्षं रोज संध्याकाळी हिराबाईनं आक्काला बघितलं होतं. तिला याहून चांगलं लुगडं कुठं मिळणार? आणि सुलभाताईंना वाटलं, बाहेरचं काम संपलं, साडीचं काम संपलं. बाळासाठी मागितलेल्याला नाही कसं म्हणायचं?

पण उंबऱ्यात टाकलेलं पाऊल घराच्या आत पडायचं होतं ते आज, शेडमध्ये. टीव्हीवर बाई एका क्षणात आत येते, आमच्याकडे त्या दोन पावलांमध्ये दोन दिवस आणि कित्येक मैल असतात. याला आम्ही जोड म्हणतो. बाहेर हिरवी साडी, तर आत हिरवीच.

आणि आतला सीन साधासुधा नव्हता. आक्का किल्ल्या सोपवते तो सीन, मालिकेतला शेवटचा. सुलभाताईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "काकू, यानंतर मी काम घेणार नाही. गुडघे नाही म्हणतात. हा एक सीन मात्र नीट करून जाणार."

केदार आमचा दिग्दर्शक. पस्तिशीचा मुलगा, तोंडानं तिखट. त्याला जाऊन सांगितलं.

"वा!" तो म्हणाला. "तीन वर्षांत कुणी एक चमचा हरवला नाही आणि शेवटच्या दिवशी डायरेक्ट हिरोइनचं लुगडं दान."

"गाडी द्या, मी घेऊन येते."

"या. सुनांचे क्लोजअप उरकतो तोवर. पण काकू, बँक संपलीय, हे लक्षात ठेवा."

बँक म्हणजे आधी शूट करून ठेवलेले एपिसोड. ते संपले की आज शूट, उद्या टीव्हीवर. थांबायला जागा नाही.

नगर रोडचा ट्रॅफिक पार करून भर दुपारी गावात पोचले. हिराबाई ओसरीवरच होती.

"या की वो काकू! च्या टाकू का सरबत?"

"हिराबाई, ती साडी..."

"बघा की, काय मऊ झालंय!" असं म्हणत तिनं मला हाताला धरून आत नेलं.

पाळण्यात पोर झोपलं होतं. मूठ तोंडाजवळ. अंगाखाली दुपटं. शेजारणी बसल्या आणि दोन दिवसांत शिवून काढलं होतं. पदर सगळा वरच्या बाजूला घेतलेला. आणि बरोबर मधोमध माझा हळदीचा डाग. त्याच्याभोवती पांढऱ्या दोऱ्याचे बारीक टाके, गोल गोल, जसं काही मुद्दाम काढलेलं फूल.

"हळद हाय म्हटल्यावर मधीच घ्यायची, व्हय का न्हाई?" हिराबाई म्हणाली.

तोवर केदारचा फोन दोनदा वाजून गेला. शेवटी सांगितलं बाईला, की असं असं आहे, साडी नसेल तर आक्काचा शेवटचा सीन होणार नाही.

आधी ती म्हणाली, "न्हाई बा. बाळ निजलेलं दुपटं उसवत न्हाईत." मला ते माहीत होतंच. माझी आई सुद्धा हेच सांगायची. मग तिनं विचारलं, "म्हंजे आक्का उंबऱ्यातच ऱ्हाणार? आत न्हाई यायची?"

"नाही यायची."

ती जरा वेळ पाळण्याची दोरी धरून उभी राहिली. मग वाकली आणि पोराला उचलायला लागली. "न्या," म्हणाली. "आक्का माझ्यापाई दारात नगं ऱ्हायला. न्या, उसवा." डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

मी म्हटलं, थांबा. ज्यांचा सीन आहे त्यांना विचारू. सुलभाताईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"बाळ झोपलंय का त्याच्यावर?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग हात लावू नका त्याला. या तुम्ही परत."

"ताई, सीन जाईल."

"जाईल. माझा आहे ना? मी बघते."

हिराबाईनं उरलेलं कापड एका गाठोड्यात बांधून दिलं. नऊ वारातलं दुपट्याला असं कितीसं लागतं? पण पदर गेलेला आणि बाकीचे मधूनच कापलेले तुकडे. नेसण्याजोगं काही नव्हतं. तरी मी घेतलं. कपडेपटवाल्या बाईला चिंधी टाकवत नाही.

परत आले तर चॅनलच्या मॅडम येऊन बसल्या होत्या. त्यांनी निकाल लावूनच ठेवला होता.

"उंबऱ्यावर एंड करू या. आक्का घरात पाऊल टाकते, म्युझिक, नावं. इट्स पोएटिक."

"आणि किल्ल्या?" केदारनं विचारलं.

"व्हॉइसओव्हरमध्ये टाका."

सुलभाताई खुर्चीवर बसल्या होत्या. नऊवारी नेसायची म्हणून पोलकं घालून तयार, वर शाल पांघरलेली. मांडीवर किल्ल्यांचा जुडगा होता, तो तेवढा या हातातून त्या हातात करत होत्या. सीन नीट करून जाणार म्हणालेली बाई. मला ते बघवेना. मी गाठोडं सोडलं, काठाचा लांब तुकडा घेतला आणि त्यांच्या खांद्यावरून दंडावर, मनगटापर्यंत लावला. उगीच, बघायला. दोन पिना मारल्या.

"काय करता काकू?" केदार म्हणाला.

"काही नाही. एवढा हात तरी आक्काचा दिसतोय का बघते."

तो आला. हात बघितला. मागं सरकला, परत बघितला. मग कॅमेरामनला हाक मारली.

"कॅमेरा खांद्यावर घे. आक्का दाखवायचीच नाही. आक्काला जे दिसतं ते दाखवायचं. पुढे फक्त हात."

"चेहरा नाही?" मॅडम म्हणाल्या. "तिचा लास्ट सीन आहे, केदार."

तेव्हा सुलभाताई बोलल्या. "चेहरा तीन वर्षं बघितलाय लोकांनी. घर कुणी बघितलंय? मला उठायला हात द्या कुणीतरी."

मग तो सीन झाला. कॅमेरामन पुढं, ताई त्याच्या बाजूला चिकटून, डाव्या हातानं त्याचा पट्टा धरलेला, कारण गुडघा साथ देत नव्हता. उजवा हात लेन्ससमोर. उंबरा ओलांडला. हात ओसरीच्या खांबावर फिरला. झोपाळ्याची कडी त्यानं जराशी हलवली. चुलीपाशी थोरली भाकरी थापत होती, तिनं वर बघितलं. धाकटी तांदूळ निवडत बसली होती, तिनं वर बघितलं. दोघींनाही खरं तर आक्काकडे बघायचं होतं, पण बघायचं लेन्समध्ये. तरी दोघींचे डोळे भरले. तो हात दोघींच्या मधून गेला आणि किल्ल्यांचा जुडगा त्यानं भिंतीवरच्या खुंटीला अडकवला.

"हिच्या हातात दिल्या तर तिचं तोंड वाकडं," ताईंचा आवाज आला, "आणि तिच्या हातात दिल्या तर हिचं. इथं ठेवते. जिला लागतील तिनं घ्या, आणि परत इथंच लावा."

हात खुंटीवर जरा रेंगाळला. मग फ्रेमच्या बाहेर गेला.

केदार कट म्हणायचं विसरला. तीन वर्षं आम्ही ते घर कामाची जागा म्हणून बघितलं होतं. दिवा कुठं लावायचा, वायर कुठून न्यायची. त्या दिवशी पहिल्यांदा ते आक्काच्या डोळ्यांनी बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी सुतार येऊन ते सोडवणार होते. मॅडमनी गॉगल लावला. शेडमध्ये.

एपिसोड लागला. आमच्या बिबवेवाडीच्या भाजीवालीनं सकाळीच मला पकडलं. "शेवटी म्हातारीचं तोंड का नाही दाखवलं? एवढी कंजुषी?" म्हणजे सगळ्यांना पटलं असं मी म्हणणार नाही. पण मग तीच म्हणाली, "माझी सासू अशीच किल्ल्या खुंटीला लावायची," आणि वर मूठभर कोथिंबीर घातली.

सुलभाताईंनी शब्द पाळला. त्यानंतर काम घेतलं नाही. त्या काठाचा तुकडा त्यांनीच ठेवून घेतला. अधूनमधून फोन करतात, सुनांची चौकशी करतात. खऱ्या नव्हे, मालिकेतल्या. हिराबाईचाही फोन येतो. नात आता धावते, पण ते दुपटं घेतल्याशिवाय झोपत नाही. आजोळाहून घरी गेली तरी बरोबर घेऊन गेली. डाग गेला म्हणे पार धुऊन धुऊन, फक्त गोल टाके राहिलेत. कापडही विरलंय. मी त्या साडीला सोड्यानं आणि चहानं आठवड्यात म्हातारी केली होती. आता ती रीतसर म्हातारी होतेय.

सध्या दुसऱ्या मालिकेवर आहे. परत खेडं, परत सासू. या वेळी मी शहाणी झाले आहे. सासूच्या प्रत्येक साडीचं डबल करून ट्रंकेत घडी घालून ठेवलं आहे.

अजून तरी कुणी मागायला आलेलं नाही.