सहाव्या ट्रॅकवर आबा

गाव सोडलं त्या सकाळी आमच्या अंगणात छान तमाशा झाला. गाडी उभी, आई पदराने डोळे पुसतेय, आणि मी माझा पखवाज धोतरात गुंडाळून तान्ह्या बाळासारखा मागच्या सीटवर निजवतोय. माझ्या वडिलांनी, आबांनी, दुसऱ्या बाजूचं दार उघडून तो बाहेर काढला.

“ह्यो कुटं चालला?”

“माझ्याबरोबर, आबा.”

“तुला कंपनीनं बोलावलंय. ह्येला कुनी बोलावलंय?”

ड्रायव्हरसुद्धा हसला. पखवाज राहिला, मी कामशेतच्या रस्त्याला लागलो.

मी नोकरीला होतो त्या नवलाख उंबऱ्याच्या कारखान्याने मला जर्मनीला धाडलं होतं, थोड्या दिवसांसाठी म्हणून. आता माझी पोरं एकमेकांत जर्मन बोलतात, आणि बाप ऐकतोय असं दिसलं की भराभरा बोलतात. मी बिस्किटासारखा पाव कॉफीत बुडवतो, सगळे बघतात, मी आणखी बुडवतो.

इकडे गावात आबांचं भजनी मंडळ विरघळलं. टाळ धरणारे किसननाना लोणावळ्याला कुणाच्या तरी बंगल्यावर वॉचमन झाले. पोरं शिफ्टला लागली, पेटीवाले वारले. एकादशीला देवळात आता स्पीकर लागतो. आई फोनवर म्हणाली, “मानूस गुनगुनत पन न्हाई रं. नुस्ता भिताडाकडं बगत बसतोय.”

ते मला सोसेना. मी नवा पखवाज मागवला, धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावली आणि रविवारी दुपारी पहिली थाप मारली. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई दारात हजर! इथे रविवारी भिंतीत खिळा ठोकायची चोरी. त्यांनी अत्यंत नम्रपणे विचारलं, कपाट पडलं का?

मग मी तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीत गेलो. जवळ मुठीत मावेल असा रेकॉर्डर. कॉम्प्युटर नको, काही नको. एका ट्रॅकवर वाजवायचं, ते कानात ऐकत दुसऱ्यावर वाजवायचं, त्यावर तिसरं. असे सहा थर. आधी टाळ, मग पखवाज, मग पेटी. मग धृपद धरणारे: एकदा माइकजवळ मी, एकदा वॉशिंग मशीनमागे उभं राहून, नाक दाबून, हुबेहूब किसननाना. काय रंग चढला म्हणून सांगू! एकटा माणूस, पण मांडी घालून बसलेलं अख्खं मंडळ. सहावा ट्रॅक मी कोरा ठेवला. तो आबांचा.

सुट्टीत घरी गेलो तो थेट आबांच्या कानांवर हेडफोन चढवूनच थांबलो. आबांचे डोळे मोठे झाले. “आरं, किसन हाय ह्यात!” त्यांनी खाकरून पहिली ओळ उचलली. आवाज घोगरा, पण आबांचाच. आई चुलीपुढून उठून दाराशी आली.

आमच्या मंडळात एक रीत होती. आबा ओळ आळवत बसायचे, मनाला येईल तेवढी. त्यांचा डावा हात हवेत असायचा. तो मांडीवर पडेस्तोवर पखवाजावर थाप नाही, टाळाला टाळ नाही. सगळे त्या हाताकडे बघत थांबायचे.

आबांनी हात उचलला, डोळे मिटले. आणि कानातलं मंडळ पुढे निघून गेलं. आबा दचकले, धावत गाठायला गेले, पुन्हा मागे पडले. मग हेडफोन काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

“चांगलं केलंयस. लय चांगलं. पर ह्ये माज्यासाटी थांबत न्हाई.”

मी हार मानतोय थोडाच! म्हटलं, आबा, उलटं करू. आधी तुम्ही एकटे गा, मी तिकडे जाऊन तुमच्यावर वाजवीन. ते माझ्याकडे बघून हसले. आईने डोळ्यांनी विनवलं, म्हणून गायले. ओळ आळवली, हात मांडीवर पडला. रेकॉर्डरमध्ये त्याचा चापट मारल्यासारखा आवाज ऐकू येतो. त्यापुढे काहीच नाही. कुणीच उचललं नाही. मी समोरच होतो, पण माझा जुना पखवाज खोलीच्या कोपऱ्यात, पुडीचं कातडं फाटलेला. आबा जरा थांबले, मग म्हणाले, “झालं का?”

त्यानंतर ते गायलेले नाहीत. आई म्हणते, विचारूही नकोस.

मित्रांनो, तुमच्यातले जे तिकडे राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, तुम्हाला खरं सांगतो. मी तो ट्रॅक इथे तळघरात लावतो आणि त्यावर वाजवतो. सुरुवातीला माझी थाप मागून पडायची, कारण हात दिसत नाही, नुसता पडल्यावर ऐकू येतो. आता तालीम झाली आहे. अगदी बरोबर पडते, दर वेळी. कारण आबांचा हातही दर वेळी त्याच जागी पडतो. गावात तो दोनदा एका जागी कधी पडला नव्हता. म्हणून तर बघत बसावं लागायचं, श्वास धरून, आणि त्या बसण्यालाच मी घर म्हणत होतो. इथे बघायला समोर वॉशिंग मशीन आहे.