परत मागितलेली मुलाखत

तृतीय वर्षाच्या राज्यशास्त्राच्या मुलांकडून संशोधन प्रकल्प करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा वर्गात अडतीस मुलं होती आणि मार्गदर्शक मी एकटी. निम्म्याहून जास्त मुलांनी विषय दिला होता ‘भारतीय निवडणूक आयोग : एक अभ्यास’. मी म्हणायचे, ‘‘तुम्हाला स्वतःला काय प्रश्न पडलाय ते सांगा.’’ मुलं एकमेकांकडे बघायची. इतकी वर्षं शिकवून झाल्यावर माझंच वाक्य मला कंटाळवाणं वाटायला लागलं होतं. गोखिवऱ्याच्या घरी पोचले की चहा करायचंही जिवावर यायचं.

पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली एक मुलगी मागे बसायची. आई मासे विकायची. एकदा तास संपल्यावर ती टेबलाशी घोटाळत राहिली.

‘‘मॅडम, आमच्याकडे मासळी विकतात बायका. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलतात फक्त पुरुष. हे असं का, हा विषय चालेल?’’

बोटींचं डिझेल, बर्फ, धक्क्यावरची जागा, सगळं त्या मच्छीमार सोसायटीत ठरायचं. मी म्हटलं, ‘‘चालेल काय, हाच घे.’’ त्या दिवसापुरता माझा थकवा गेला.

मुलाखती घेण्याआधी समोरच्याची लेखी परवानगी घ्यायची, हे मी सगळ्यांना शिकवलं होतं. संमतीपत्राचा नमुनाही मीच तयार केला होता : ‘सदर संशोधनात मी स्वेच्छेने सहभागी होत असून...’ आठवड्याभराने ती मुलगी दहाच्या दहा कागद कोरे घेऊन आली.

‘‘कोणी सही करत नाही. कागद काढला की बोलायच्याच बंद होतात.’’

शनिवारी मी तिच्याबरोबर पाचूबंदरला गेले. वाळत घातलेल्या बोंबलांच्या ओळींपलीकडे सावलीत चार-पाच बायका बसल्या होत्या. त्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

‘‘तू कोन गो? हिची बाई काय?’’

‘‘हो.’’

‘‘मंग सई कशाला पायजे? तोंडानं सांगतो ना आमी.’’

‘‘तसा नियम आहे,’’ मी म्हटलं, आणि म्हणतानाच मला ओशाळल्यासारखं झालं.

‘‘सई केली का मानूस अडकतो,’’ ती म्हणाली.

मग त्यांनीच मला विचारायला सुरुवात केली. गाव कुठलं, मुलं किती, मी कॉलेजात असते तेव्हा घरी जेवण कोण करतं. मी सगळी उत्तरं दिली. निघताना लक्षात आलं, आपण एकही प्रश्न विचारला नाही.

परतताना मी मुलीला म्हटलं, ‘‘तो कागद राहू दे. प्रत्येकीला एवढंच सांग, नाव कुठेही येणार नाही. आणि बोललेलं नंतर नको वाटलं, तर परत मागता येईल.’’

ते तिने त्यांच्या बोलीत सांगितलं, माझ्यापेक्षा कमी शब्दांत. बायका बोलायला लागल्या.

एक मुलाखत चार पानांची होती. ती बाई महिलांच्या राखीव जागेवर सोसायटीच्या कमिटीत होती. मीटिंगचं रजिस्टर घरी यायचं, हातातलं काम टाकून ती सही करायची. काय ठरलं ते तिला कोणी वाचून दाखवलं नाही. एकदा ती स्वतःहून मीटिंगला गेली. बसायला जागा नव्हती आणि कोणी सरकलंही नाही. ती दारात उभी राहिली, पुन्हा गेली नाही. हे सगळं तिच्याच शब्दांत होतं. स्टाफरूममध्ये वाचताना मी पेन खाली ठेवलं. या एका मुलीमुळे वर्ष सार्थकी लागलं असं वाटलं.

प्रकल्प जमा करायला चार दिवस राहिले असताना मुलगी आली. चेहरा उतरलेला.

‘‘त्या कमिटीतल्या मावशी म्हणतात, माझं काढून टाक. त्यांचा मुलगा सोसायटीत कामाला लागतोय.’’

मी तिच्या फाइलमधली ती चार पानं उघडली.

‘‘नाव तर नाहीच आहे मॅडम. आणि त्या थोडीच वाचणार आहेत?’’

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. बाहेरचे परीक्षकसुद्धा चार पानं धड वाचत नाहीत. मी म्हटलं, ‘‘उद्या सांगते.’’ दुसऱ्या दिवशी सांगितलं, ‘‘काढून टाक.’’

‘‘मग राहतं काय प्रकल्पात?’’

‘‘उरलेल्या बायका.’’

‘‘त्या एवढं बोलल्याच नाहीयेत!’’ तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘‘तुम्हीच शिकवलं ना, पुराव्याशिवाय लिहू नका? आता पुरावा आहे तर तोच काढायचा?’’

‘‘परत मागता येईल, हेही मीच सांगितलं होतं.’’

तिने पानं काढली. दोन दिवस वर्गात माझ्याकडे बघितलं नाही.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी तिची फाइल चाळली. ‘‘मुलाखती फारच कमी आहेत.’’

‘‘अजून एक होती, सर. त्या बाईंनी परत मागितली. दिली.’’

‘‘हं,’’ म्हणून त्यांनी पान उलटलं. मी शेजारीच बसले होते. दोन वाक्यं तिच्या बाजूने बोलता आली असती. पण दुपारचे अडीच वाजले होते, बाहेर अजून वीस मुलं ताटकळत होती, आणि मी पुढच्या मुलाचं नाव पुकारलं. तिला बेताचे मार्क मिळाले. त्या गप्प राहण्याची टोचणी मला अजून आहे.

निकालानंतर ती भेटायला आली. पापडीला एका दवाखान्यात रिसेप्शनवर तिला काम मिळालं होतं. मी अभिनंदन केलं. ती म्हणाली, ‘‘मॅडम, मी तुम्हाला पहिला मसुदा मेल केला होता. त्यात ती चार पानं आहेत. तीपण काढा.’’

हे मला सुचलंच नव्हतं. मी तिच्यासमोर मेल उघडला. शेवटचं एकदा वाचावं असं फार वाटलं. ती स्क्रीनकडे बघत उभी होती. मी मेल पुसला. ट्रॅशमधूनही काढला.

‘‘झालं,’’ मी म्हटलं.

‘‘मावशींना सांगते,’’ म्हणाली आणि गेली.