रेडिओवरचे फादर

धुळ्याहून शिरपूरला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी साध्या शर्टातले एक गृहस्थ बसले होते. तिकीट मागतानाही ते आधी घसा साफ करत. त्या आठवड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरत होती. एका फाट्यावर जमावाने बस अडवली. चार-पाच जण आत शिरले आणि मागे बसलेल्या एका अनोळखी बाईवर काठी रोखून म्हणाले, "तिले खाले उतारा."

गृहस्थ उठून तिच्यापुढे उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला. "हाई मन्ही बहीण शे."

काठी तिथेच थांबली. दारातला म्हातारा म्हणाला, "हाऊ ते रेडिओवरना फादर शे. मन्हा घरमा लहान-मोठा बठ्ठा यास्ना आवाज ऐकतस." माणसं एकेक करून खाली उतरली.

बस सुटल्यावर फादर पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसले. ती बाई कोण, असं मी विचारलं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "इतकी वर्षं रेडिओवर खरं बोललो, ते आज एका खोट्यासाठी कामी आलं."

आता रविवारी सकाळी रेडिओवर ते घसा साफ करून "बहिणींनो" म्हणतात, तेव्हा त्या दिवशी ते खोटं बोलले असं मला वाटत नाही.