एका दातेरी चाकासाठी

फॅक्टरीवाल्यांचे किस्से मशीनखाली लोखंडाचा कीस साचावा तसे साचतात. सकाळी झाडा, संध्याकाळी पुन्हा ढीग! आम्ही जबलपूरच्या तोफांच्या फॅक्टरीतले रिटायर लोक जमलो की तेच उपसत बसतो. अण्णा घाटेच्या मिलिंग मशीनचे किस्से मात्र हसत सुरू होतात आणि मध्येच कोणीतरी म्हणतो, "जाऊ दे यार, चहा सांग."

अण्णा आमच्या टूल रूममधला मिलर, म्हणजे मिलिंग मशीनवर लोखंड कापणारा. दातेरी चाकं कापण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आणि त्याच्याच घरी सुमतीवहिनींची माहेरची विलायती शिलाई मशीन बंद, कारण आतलं एक दातेरी चाक तुटलेलं! बाजारात पार्ट मिळेना. इकडे आमच्या चेरीताल मोहल्ल्यातल्या मुली वहिनींच्या मागे लागलेल्या, "चाची, छुट्टियों में सिलाई सिखाओ ना!" वहिनींनी वर्गासाठी पुढची खोलीसुद्धा रिकामी करून ठेवली होती.

मी म्हटलं, "अण्णा, काहून एवढा ताप करून घेतोस? फॅक्टरीत एक चाक काप न् खिशात घालून आण."

"गेटवरचा दरबान माझे खिसे तपासत नाही," अण्णा म्हणाला, "म्हणूनच तर आणता येत नाही!"

आणि या गृहस्थानं काय करावं? एका चाकासाठी लिलावातलं जुनं मिलिंग मशीन घरी आणलं!

* * *

मशीन ठेल्यावरून आलं, पण दारातून आत जाईना. शेवटी भिंत फोडली. शेजारचे तिवारीजी दातून चावत बघत होते. "घाटे जी, भैंस बाँधोगे क्या?"

वहिनी आतून म्हणाल्या, "भैंस होती तो दूध तो मिलता, भैया!"

आम्ही पोट धरून हसलो. मशीन बसलं ते पुढच्याच खोलीत. दुसरी जागाच नव्हती.

* * *

नवीन मशीन घरी आलं की माणूस काय करतो? चालवून बघतो. अण्णा नाही! जॉब धरायचा वाइस, म्हणजे शिकंजा, टेबलाला सरळ पाहिजे म्हणून अख्खा रविवार मापाची डायल लावून बसला. ठोक, बघ, पुन्हा ठोक. वहिनी पोहे घेऊन आल्या, चहा घेऊन आल्या, जेवायची वेळ झाली.

"झालं का चाक?"

"वाइस सरळ करून राहिलो."

वहिनींनी हातातली गरम कढई टेकवली ती नेमकी मशीनच्या टेबलावर. अण्णा असा ओरडला की तिवारीजी धावत आले!

"टेबलच आहे ना?" वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, तेवढा तरी उपयोग होईल."

* * *

मोटर सुरू झाली की गल्लीतले दिवे मिणमिणायचे. बायका आपापल्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "लो, घाटे जी का कारखाना चल गया!"

* * *

शेवटी एकदाचं पहिलं चाक कापून झालं. वहिनी तेलाची कुपी घेऊन तयार. पण फॅक्टरीची माणसं आम्ही! इन्स्पेक्शनशिवाय माल पुढे जाईल कसा? इन्स्पेक्शनमधल्या डबीरला मुद्दाम बोलावलं. त्यानं मायक्रोमीटर लावला, चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"एक दाता बारीक आहे. रिजेक्ट!"

एवढ्यावर थांबता तरी! फॅक्टरीत रिजेक्ट माल चुकून चांगल्यात जाऊ नये म्हणून तोडून टाकतात. डबीरनं सवयीनं हातोडा उचलला न् घातला चाकावर.

"अहो भाऊजी!" वहिनी कळवळल्या. "एकदा लावून तर बघायचं होतं!"

आणि अण्णा काय म्हणाला? "नाही, डबीरचं बरोबर आहे." दोघांनाही त्याच हातोड्यानं हाणावंसं वाटलं मला. चाललं असतं हो ते चाक. मशीन शिलाईची होती, तोफ नव्हती.

* * *

दुसरं चाक पुढच्या रविवारी कापायचं ठरलं आणि तेवढ्यात पासष्टची लढाई लागली. रविवारची सुट्टी बंद, डबल शिफ्ट. अण्णा घरी फक्त झोपायला यायचा. ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळे पडदे पाहिजे होते. वहिनींनी ते हातानं शिवले, त्या मिलिंग मशीनला पाठ टेकून बसून.

"लढाई संपली की लगेच," अण्णा म्हणाला.

लढाई संपली, ओव्हरटाइम संपला नाही. मग कटर मिळेना, मग मोटर जळाली, मग एकाहत्तरची लढाई आली. शिकायला येणार होत्या त्या मुलींची लग्नं झाली. माहेरपणाला यायच्या तेव्हा कडेवरचं मूल दाखवून विचारायच्या, "चाची, इसका झबला सिल दोगी?" वहिनी हसून म्हणायच्या, "मशीन बन रही है, बेटा." ते हसणं मला बघवायचं नाही.

* * *

लढाई संपली न् अण्णानं चाक कापलं. सुंदर कापलं. डबीर आला होता, पण त्यानं मायक्रोमीटर खिशातून काढलाच नाही. वहिनींनी चाक बसवलं, तेल घातलं. मशीन अशी चालली की अण्णाचे डोळे भरून आले.

"वहिनी," मी म्हटलं, "आता पहिलं काय शिवणार?"

त्या उठल्या. टेप घेऊन पुढच्या खोलीत गेल्या. मिलिंग मशीनची उंची घेतली, रुंदी घेतली, टेबलाची लांबी घेतली. कपाटातलं जाड कापड काढलं न् शिवायला बसल्या. आम्ही तिघं बघत उभे.

खोळ अगदी मापात झाली. वहिनींनी ती मशीनवर चढवली, खाली नाडी घट्ट बांधली, न् म्हणाल्या, "चला, पोहे निवून राहिले."